आवाज न करणारी पँट

१

बॉबी किन्सेलाच्या दुकानात शिकारीची पँट घ्यायची तर आरशाचा काही उपयोग नसतो. आरसा आहे, पण त्यावर तिने दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या कुणाच्यातरी कुत्र्याचा फोटो चिकटवून ठेवलाय. गिऱ्हाइकाने पँट चढवायची, पायात बूट घालायचे आणि दाराजवळच्या बंदुकांच्या कपाटापासून मागच्या शेगडीपर्यंत चालत जायचं. बॉबी गल्ल्यामागे स्टुलावर डोळे मिटून बसते आणि ऐकते. पँट वाजली तर ती विकत नाही, कारण एल्क, म्हणजे इथली घोड्याएवढी हरणं, तेवढ्या आवाजानेही पळतात. फारच हट्ट केला तर म्हणते, "शहरात जाऊन घे. माझ्या पँटीने एल्क पळवून लावलेस तर नाव माझं जातं."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरिन ट्वेट तिच्याकडे आला. अठ्ठावन्न वर्षांचा गडी, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा. या उन्हाळ्यात त्याच्या तीन पँटी फाटल्या होत्या. कशाने फाटल्या हे गावात कुणी विचारत नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात त्याचा धाकटा भाऊ डेल डोंगरावरून परत आला नाही, आणि बर्फ वितळल्यापासून ऑरिन दर शनिवार-रविवारी त्याला शोधत होता. पडलेल्या झाडांखालून, काट्याकुट्यांतून, दगडांच्या उतारांवरून, कधीकधी तर गुडघ्यांवर रांगत.

"ही बघ," बॉबीने एक तपकिरी पँट गल्ल्यावर आपटली. "गुडघ्याला दुहेरी कापड, बुडाला दुहेरी. लोकर आहे, ओली झाली तरी ऊब धरते. काट्यात अडकली तर चार केस उपटल्यासारखे होतील, पण फाटणार नाही. तू घालत होतास त्या रंगाऱ्याच्या पँटी होत्या, ऑरिन. डोंगरात त्या दोन पावसांत कामातून जातात."

"गेल्याच."

"आणि खांद्यावरून गॅलिस लाव. पट्ट्यावर ओली लोकर टिकत नाही, भर माळावर घसरेल. चल, चालून दाखव."

ऑरिन शेगडीपर्यंत चालत गेला.

"वाजते," बॉबी डोळे न उघडता म्हणाली.

ऑरिनने मांडीवरून अंगठा घासून पाहिला. काही नाही. "लोकर आहे, बॉबी."

"मला सांगतोस? दुसरी घाल."

दुसरी राखाडी होती, घोंगडीसारखी जाड. ती घालून तो पुन्हा कपाटापासून निघाला, शेगडीपाशी पोचला आणि हात शेकत उभा राहिला. बॉबीचे डोळे मिटलेलेच होते. तिचं तोंड मात्र कपाटाच्या बाजूकडून शेगडीकडे सावकाश वळत होतं, चालणाऱ्या माणसामागे वळावं तसं.

"हीसुद्धा," ती म्हणाली. "नायलॉन वाजावं तशी. खस्स, खस्स. पाय फरफटतोस का रे म्हाताऱ्या? बस, आता थांब."

"मी केव्हाचा थांबलोय."

बॉबीने डोळे उघडले. आधी ऑरिनकडे पाहिलं, मग दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे.

"कान गेले माझे," ती म्हणाली. राखाडी पँट तिने घडी करून पिशवीत घातली. एरवी तिने निघताना हमखास टोमणा मारला असता. वीस वर्षं ती दोघा भावांना विचारत आली होती, "यंदा कुठे मारलात?" आणि वीस वर्षं डेल एकच उत्तर देत आला होता, "मानेत." आज पिशवी हातात देताना तिने ऑरिनकडे पाहिलंही नाही.

एवढी वर्षं बंदुकांच्या दुकानात बसल्यावर कान जाणारच, असं ऑरिनने गाडी चालू करताना स्वतःला सांगितलं.

२

डेल हरवला त्या दिवशीची हकीकत ऑरिनने इतक्यांदा सांगितली होती की ती त्याला तोंडपाठ झाली होती. आणि ती खोटी होती.

विलो क्रीकच्या ओढ्याने वर चढत गेलं की डाव्या हाताला एक कडा लागतो. तो ओलांडून पलीकडच्या दरीत उतरलं की दाट झाडीत एक लहानसं मोकळं कुरण आहे. एल्क तिथे सकाळचे चरायला येतात. हे कुरण ट्वेट भावांना अठरा वर्षांपूर्वी सापडलं आणि त्यांनी ते जिवापाड लपवलं. तिथून कधी रिकाम्या हाती यावं लागलं नाही, म्हणून आपापसात ते त्याला 'स्वयंपाकघर' म्हणत. ट्रक मात्र नेहमी विलो क्रीकपाशी लावायचा, म्हणजे गावाला वाटावं की हे तिथेच हिंडतात. यात वावगं काही नाही. माँटानाच्या या भागात प्रत्येक घराची अशी एक जागा असते, सगळेच तिच्याबद्दल खोटं बोलतात, आणि त्याचा राग कुणी मानत नाही.

त्या दिवशी डेलची लोकरीची पँट उंदरांनी खाल्ली होती. त्याने पावसात घालायची हिरवी नायलॉनची पँट चढवली होती. तिच्या डाव्या गुडघ्याला मार्लिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, जुन्या तंबूचं निळं ठिगळ लावलेलं होतं. वाटभर ती पँट वाजत होती. कुरणाच्या कडेला आल्यावर ऑरिनचा धीर सुटला.

"तू आवाज करतोयस," तो कुजबुजला होता. "इथेच बस. तासाभरात येतो."

डेल लार्चच्या एका आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर बसला. थोरल्याचं ऐकायची त्याला सवय होती. हसून त्याने थर्मास बाहेर काढला.

ऑरिन एका नर एल्कच्या मागावर गेला. ढग खाली उतरले आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. संध्याकाळी तो कसाबसा ट्रकपाशी उतरला, डेल येऊन बसला असेल या भरवशावर. ट्रक रिकामा होता. मग शेरीफचा माणूस आला, आणि गावातले सहा जण बॅटऱ्या घेऊन आले.

"कुठे सोडलंस त्याला?"

सहा जण ऑरिनकडे बघत होते. सहाही शिकारी. उत्तर त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "विलो क्रीकच्या वरच्या अंगाला."

त्याला वाटलं होतं, हे लोक इकडे शोधतील तोवर आपण गुपचूप जाऊन डेलला घेऊन येऊ. तो गेलाही. रात्रीत कड्यावर कमरेएवढा बर्फ साचला होता, तिथून त्याला परतावं लागलं. पुढचे तीन दिवस चाळीस माणसांनी आणि दोन कुत्र्यांनी विलो क्रीकचं झाडन् झाड धुंडाळलं. रोज सकाळी ऑरिन ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा अवघड झालेलं असायचं. चौथ्या दिवशी बर्फाने कडा पुरता बंद झाला. तेव्हापासून ऑरिनला काही वाटेनासं झालं. दुःख नाही, लाज नाही, भूकसुद्धा नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ होतो तसा तो आतून झाला होता.

जूनमध्ये तो स्वयंपाकघरात पोचला. खोड जागेवर होतं. डेल नव्हता. थर्मास नव्हता, कपड्याची चिंधी नव्हती, साधं बटणही नव्हतं.

३

नवी पँट अंगात घालण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुवायची आणि खिशात फरच्या झाडाच्या डहाळ्या कोंबून बाहेर वाळत टाकायची, म्हणजे दुकानाचा वास जातो. ऑरिनने तेच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काढायला गेला तर पँटीचे पाय खडखडीत वाळले होते आणि बूड ओलं होतं. बुडाला झाडाच्या पिवळ्या बारीक सुया, सुईसारखी पानं, चिकटल्या होत्या. लार्चच्या. आजूबाजूला लार्चचं एकही झाड नव्हतं, ती झाडं वर डोंगरात. ऑक्टोबरात ती पिवळी पडून झडतात आणि वाऱ्यावर त्यांच्या सुया कुठेही येतात. बुडाला कापड दुहेरी, म्हणून तेवढंच वाळायचं राहिलं. ऑरिनने सुया झटकल्या आणि पँट घरात शेगडीजवळ टांगली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही बूड ओलंच होतं. त्याने तळहात टेकवला. शेगडीपासून हातभर अंतरावर टांगलेलं ते कापड वितळत्या बर्फासारखं गार होतं, आणि त्यावर पुन्हा सुया होत्या. सालीचा एक तुकडाही होता. त्याने छत पाहिलं, गळत नव्हतं. खिडकी पाहिली, बंद होती. कुणीतरी ही पँट घालून तासन् तास ओल्या खोडावर बसावं, तसा तो डाग दिसत होता.

आपल्याला भीती वाटायला हवी, हे ऑरिनला कळत होतं. तो थोडा वेळ भीतीची वाट बघत उभा राहिला. ती आली नाही. मग त्याने बीन्सचा डबा उघडला आणि उभ्याउभ्याच थंड खाल्ला.

४

पँट चार बोटं लांब होती. ट्वेटांच्या घरात सुईदोरा म्हणजे मार्लिस, डेल असतानाही आणि आताही. मापं घ्यायला सोपं पडावं म्हणून ऑरिन पँट घालूनच तिच्याकडे गेला आणि मागच्या दाराने आत शिरला. मार्लिस नळाखाली बटाटे धूत होती, पाठमोरी.

"डेल, बूट दाराशी काढ," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

ऑरिन होता तिथे थांबला. नळ वाहत राहिला. मग मार्लिसने तो बंद केला, पण वळली नाही.

"ऑरिन?"

"मीच."

"हो, तूच असणार." तिने हात पुसले. "तुझी पँट त्याच्या पँटीसारखी वाजली. ती मेली हिरवी. मी दहादा म्हटलं होतं, फेकून दे."

"ही लोकरीची आहे."

"दिसतंय की."

तिने त्याला स्टुलावर उभं केलं आणि टाचण्या घेऊन गुडघ्यांवर बसली. मग टाचण्या ओठांत धरूनच बोलायला लागली.

"शिकारीचा सीझन जवळ आला की डेल झोपेत बडबडायचा, माहितीय? 'स्वयंपाकघर, स्वयंपाकघर' करायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी बावळटासारखी उठले आणि सँडविच करून आणलं. खाल्लंन् पण मेल्याने, झोपेतच."

ऑरिनच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं.

"काय असेल रे ते?"

"भूक लागत असेल," ऑरिन म्हणाला.

मार्लिसने मान हलवली आणि दुसरा पाय घेतला. "लोक म्हणतात, कागदपत्रं उरकून टाक, दगड बसवून टाक. बसवीन. नाव घालीन, तारीख घालीन. पण मला ठिकाण हवंय, ऑरिन. तो कुठल्या जागी होता, एवढंच. मी तिथे जाईन, जरा वेळ बसेन आणि परत येईन. बास. मग माझं कुणाकडे काही मागणं नाही."

उत्तर ऑरिनच्या जिभेवर होतं. पण रिकाम्या हाताने हे सांगता येणार नाही, असं त्याला वाटलं. शनिवारी सीझन सुरू होत होता. बर्फाने कडा बंद व्हायच्या आत एकदा पुन्हा जायचं, डेलचं काहीही, एक बटण जरी सापडलं तरी ते तिच्या ओट्यावर ठेवायचं आणि मग सगळं सांगायचं. तिने मग तोंडावर थुंकलं तरी चालेल. हे त्याने नक्की केलं.

"शनिवारी जेवायला इकडेच ये," दोरा दातांनी तोडत ती म्हणाली. "मांस शिजवून ठेवते, बटाटे घालून. उशीर करू नकोस."

५

शनिवारी उजाडताना तो बाहेर पडत होता तेवढ्यात मार्लिसचा फोन आला.

"कुठे जातोयस ते सांगून जा. या खेपेला नीट सांग, मी लिहून ठेवतेय."

ऑरिनने तोंड उघडलं. "विलो क्रीक," तो म्हणाला.

"विलो क्रीक," तिने लिहिता लिहिता म्हटलं. "बरं."

फोन ठेवल्यावर तो दारातच उभा राहिला. परत फोन करता आला असता. पण संध्याकाळी सगळं सांगायचंच होतं, आणि आत्ता घाईघाईत सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती.

विलो क्रीकपाशी आधीच तीन ट्रक होते. एकाच्या खिडकीतून कुणीतरी कॉफीचा पेला उंचावला, ऑरिनने हात केला. आपला ट्रक त्याने नेहमीच्या जागी लावला. ओढ्याने वर निघाला, ट्रक दिसेनासे होईपर्यंत सरळ गेला आणि मग डावीकडे वळला. हे त्याने ठरवून केलं नाही. अठरा वर्षांची सवय, पाय आपोआप वळले.

६

पँट चांगली होती, हे कबूल करायला हवं. काट्यांतून गेला तरी धागा निघाला नाही, गुडघे टेकले तरी ओल आत आली नाही, आणि वाजत तर अजिबात नव्हती. पहिले दोन तास ऑरिनला स्वतःचा श्वास सोडून काही ऐकू आलं नाही.

कडा ओलांडून उताराला लागल्यावर ते सुरू झालं. त्याचं पाऊल पडायचं, आणि त्यामागोमाग, किंचित उशिराने, खस्स.

तो थांबला. मागचा आवाज आणखी एक पाऊल चालला आणि थांबला.

जाकिटाचा खिसा घासत असेल. त्याने खिसा रिकामा केला. अंगात केशरी बंडी होती, शिकाऱ्याला शिकारी दिसावा म्हणून सगळे घालतात ती. ती प्लास्टिकची, तीच वाजत असणार. त्याने ती काढून पाठीवरच्या पिशवीत कोंबली. निघाला. खस्स, खस्स. डाव्या पायाचा आवाज उजव्यापेक्षा जाड होता. गुडघ्यावर कापडाचा आणखी एक थर असला की येतो तसा.

मागे वळून बघायला काही हरकत नव्हती. त्याने बघितलं नाही, इतकंच. बघितलं आणि तिथे कुणी नसलं तर काय, आणि असलं तर काय, या दोन्हींतलं अधिक वाईट कोणतं हे त्याला ठरवता येईना. अर्धा तास तो तसाच उतरत राहिला. आवाज अंतर राखून येत होता, अदबीने, थोरल्याच्या मागून येत असल्यासारखा.

झाडी विरळ झाली. पुढे कुरणाचा उजेड दिसला. आणि ऑरिनच्या तोंडून, मान न वळवता, ते वाक्य निसटलं.

"तू आवाज करतोयस."

आवाज बंद झाला. त्यानंतर मागे काहीच वाजलं नाही. ऑरिन शेवटची शंभर पावलं अगदी एकटा चालला, आणि ती त्याला सगळ्यांत लांब वाटली.

७

खोड जागेवर होतं. त्यावर रात्री पडलेल्या बर्फाचा पातळ थर होता, सलग. फक्त मधोमध एका माणसापुरती जागा उघडी होती. ऑरिनने हातमोजा काढून तिथे तळहात टेकवला. साल ओली होती, आणि कोमट.

त्याने खोडाभोवतालची जमीन चाचपली, खालचा पाला उकरला. काही नव्हतं. पाय थकले होते. तो उघड्या जागेवर बसला. ओल दुहेरी कापडातून वर आली आणि बरोबर त्याच ठिकाणी लागली, घरी डाग पडत होता त्या ठिकाणी. वरून लार्चच्या सुया एकेक करून मांडीवर पडत होत्या.

समोर कुरणाच्या कडेला एक माणूस उभा होता.

पाठमोरा. केशरी बंडी, खांद्याला बंदूक, राखाडी लोकरीची पँट. पँट त्याला नेमकी घोट्यापर्यंत येत होती, कुणीतरी मापात बसवून दिल्यासारखी. ऑरिन बघत होता तोवर तो माणूस चालायला लागला, झाडीकडे. त्याच्या पायांखाली बर्फ करकरत नव्हता. काटकी मोडत नव्हती. डोळे मिटले असते तर तिथे कुणी चालतंय हे कळलंच नसतं.

ऑरिनला त्या चालीची ओळख पटली. डावा खांदा जरा पुढे टाकून चालायचं. दुकानाच्या काचेत, बसच्या आरशात, आयुष्यभर पाहिलेली आपलीच चाल.

त्याला हाक मारायची होती. हाक मारायला तो उठला, एक पाऊल टाकलं, आणि खस्स झालं.

मागून नव्हे. त्याच्याच पायांतून. त्याने खाली पाहिलं. डाव्या गुडघ्यावर काहीतरी निळं होतं. त्याने लगेच नजर वर घेतली आणि पुन्हा खाली नेली नाही.

पुढचा माणूस थांबला होता. तो वळला नाही. त्याने नुसता एक हात मागे केला, तळवा जमिनीकडे धरला आणि खाली दाबल्यासारखा हलवला. बस. शिकारीत ही खूण लहान मुलालाही कळते.

ऑरिन खोडावर बसला.

माणूस झाडीत शिरला. थोडा वेळ केशरी रंग दिसत होता, मग तोही दिसेना. ढग खाली उतरायला लागले आणि बर्फ सुरू झाला, बारीक, सरळ पडणारा.

ट्रक विलो क्रीकपाशी उभा होता. संध्याकाळी मांस गार होईल, मार्लिस दोनदा खिडकीशी जाईल आणि मग फोन उचलेल. कुठे गेला, असं ते विचारतील. ती कागद बघून सांगेल, ठामपणे सांगेल, कारण या खेपेला तिने नीट विचारून घेतलं होतं. उद्या सकाळी चाळीस माणसं आणि दोन कुत्री विलो क्रीकचं झाडन् झाड धुंडाळतील. मार्लिस त्यांच्यासाठी कॉफी घेऊन येईल.

वर्षभरात पहिल्यांदाच ऑरिनला काहीतरी वाटलं. भीती होती ती, खरीखुरी, आणि तिच्यामागे बाकीचं सगळं रांग लावून उभं होतं. डेलला कसं वाटलं असेल, हे त्याला आता कळलं. डेल पहिला तास अगदी निर्धास्त बसला असणार.

ऑरिनने पाय जवळ घेतले, आवाज होऊ नये म्हणून, आणि झाडीकडे बघत राहिला. तासाभरात येतो, असं सांगितलेलं होतं.